बदलापूरहून परळ किती लांब? मुंबई महानगरात रुग्णाला आधी कुठे न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब नुकतंच बदलापूरला राहायला आलं आहे. वडील ७२ वर्षांचे, मधुमेही, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. बहीण सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी येणार आहे. मुंबई आणि आसपासच्या चांगल्या हॉस्पिटलांची यादी हवी आहे.

यादी कुणीही देईल. परळपासून पनवेलपर्यंत पन्नास नावं सहज लिहून होतील. पण रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली, तर त्या यादीतलं पहिलं नाव बहुधा चुकीचं ठरेल, कारण ते हॉस्पिटल पन्नास-साठ किलोमीटरवर असेल. तेव्हा 'कोणतं हॉस्पिटल चांगलं' यापेक्षा 'या तक्रारीला पहिला थांबा कोणता' हे ठरवून ठेवा. काही आजारांत पहिला डोस घराजवळ मिळणं महत्त्वाचं असतं, मोठं हॉस्पिटल नंतर. काहींत उलट: पहिलाच थांबा चुकला की पुढचं सगळं बिघडतं. हे दोन गट वेगळे केलेत की निम्मं काम झालं.

त्याआधी हॉस्पिटल कुणाचं आहे, ते ओळखायला शिका, कारण खर्च आणि कागदपत्रं त्यावर ठरतात. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत आणि प्रत्येकीची आरोग्यव्यवस्था वेगळी. मुंबई महापालिकेची चार मोठी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं म्हणजे परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि जुहूचं कूपर. त्यांच्या खाली राजावाडी, वांद्रे आणि कुर्ल्याचं भाभा, सांताक्रूझचं देसाई, कांदिवली आणि गोवंडीचं शताब्दी अशी उपनगरी रुग्णालयं. त्याखाली प्रसूतिगृहं, दवाखाने आणि २०२२ पासून सुरू झालेले 'आपला दवाखाना'. मोठ्या चार रुग्णालयांत मुंबईबाहेरच्या रुग्णालाही घेतात. आधारवर बदलापूरचा पत्ता आहे म्हणून कुणी परत पाठवत नाही.

राज्य सरकारची रुग्णालयं मात्र दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत आणि इथे पुष्कळांची गफलत होते. जेजे, जीटी, कामा, सेंट जॉर्जेस ही वैद्यकीय शिक्षण खात्याची. जिल्हा रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याची. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले ते या दुसऱ्या खात्याच्या रुग्णालयांत. तुमच्यासाठी त्यातलं महत्त्वाचं म्हणजे उल्हासनगर कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय. जेजेला जाऊन 'सरकारनं सगळं मोफत केलंय ना' म्हणून खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथले दर कमी आहेत पण ते वेगळं खातं आहे.

बदलापूरहून निघालं की सरकारी साखळी साधारण अशी: बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचं छाया, उल्हासनगरचं मध्यवर्ती, मग ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि शेवटी सायन-केईएम. पुष्कळ लोक रस्त्यानंही लोकलचाच मार्ग डोक्यात ठेवतात. रुग्णवाहिकेसाठी कटई नाका–शिळफाटा–महापे असा नवी मुंबईचा रस्ता पुष्कळदा ठाण्याच्या गर्दीतून जाण्यापेक्षा बरा पडतो. वाशी, नेरुळ, खारघरची मोठी रुग्णालयं त्या बाजूला आहेत. मुसळधार पावसात भरतीची वेळ असेल तर सायनचं गांधी मार्केट आणि परळजवळचं हिंदमाता इथे पाणी तुंबतं. त्या दिवशी परळचा हट्ट सोडा.

आता पहिला गट: जिथे पहिला उपचार जवळ घ्यायचा.

सगळ्यात आधी हृदयविकाराचा झटका, कारण तुमच्या घरात तो प्रश्न खरा आहे. मधुमेह्याला छातीत दुखेलच असं नाही. अचानक घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या खांद्यात जडपणा, 'ॲसिडिटी झालीय' अशी तक्रार, एवढंच असू शकतं. अशा वेळी जवळच्या कोणत्याही ठिकाणी दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. पहिला ईसीजी साधा आला म्हणून घरी परतू नका. त्रास चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतरानं दोनदा बघतात. पहिल्या ट्रोपोनिनवर निर्धास्त होणं ही नेहमीची चूक आहे, कारण झटका येऊन तासभरच झाला असेल तर ते वाढलेलं दिसत नाही.

ईसीजीच्या रेषेतला 'एसटी' नावाचा भाग उंचावलेला दिसला, तर रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे असं धरतात. मग दोन मार्ग. निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर सरळ तिकडे. होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज किंवा तसं दुसरं, तिथल्या तिथे अर्ध्या तासाच्या आत, आणि त्यानंतर कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, असलेल्या ठिकाणी हलवायचं. हे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आतच उपयोगाचं, आणि जितकं लवकर तितकं स्नायू वाचवणारं. संध्याकाळी सात वाजता बदलापूरहून निघालेली गाडी १२० मिनिटांत परळच्या टेबलावर रुग्ण चढवेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. पोहोचण्याचा वेळ आणि तिथे नोंदणी होऊन टीम जमण्याचा वेळ, दोन्ही धरा. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला, अलीकडे पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन झालेलं, कुठून रक्त जात असेल, तर हे इंजेक्शन धोक्याचं असतं. हे विचारण्याची वाट न बघता डॉक्टरांना आपणहून सांगा.

खासगी हॉस्पिटलला फोन करताना 'हृदयाचे डॉक्टर आहेत का' असं विचारलं तर उत्तर नेहमी 'हो' येतं. विचारायचं ते असं: 'कॅथलॅब आत्ता चालू आहे का? कार्डिऑलॉजिस्ट किती मिनिटांत पोहोचतात?' या प्रश्नाला घुटमळत उत्तर आलं की पुढचा नंबर फिरवा. असे दोन नंबर आजच दिवसाढवळ्या शोधून ठेवा. घरात ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम किंवा ३२५ मिलिग्रॅम ठेवा. झटक्याची शंका असेल आणि त्याची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर गोळी चावून खायची, गिळायची नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्यानं दिली म्हणून देऊ नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती माणसाला आडवं करते.

सापाचं तसंच. बदलापूर डोंगराच्या पायथ्याशी आहे, तेव्हा हे अवांतर नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी ग्रामीण रुग्णालयांत असतं आणि सुरुवातीचा डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का बघतात. नळी प्लास्टिकची किंवा ओली असेल तर ही चाचणीच फसते. मण्यारचा दंश बहुतेकदा रात्री झोपेत होतो, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ, पापण्या जड, गिळता येत नाही अशी सुरुवात होते. त्याला पोटदुखी समजून घरी वाट बघणं जिवावर बेततं. आवळून बांधणं, कापणं, चोखणं नको. हातपाय लाकडी पट्टीनं स्थिर करा, अंगठ्या-बांगड्या काढा, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष सुरू करा. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागणार असेल तर मोठं रुग्णालय त्यानंतर. विषाची लक्षणं असूनही प्रतिविष न देता रुग्णाला पुढे पाठवत असतील तर 'पहिल्या कुप्या इथेच द्या' असं स्पष्ट म्हणा.

बाळंतपणात हेच तत्त्व जरा वेगळ्या तऱ्हेनं लागू होतं. प्रसूतीचं ठिकाण आईच्या सोयीनं निवडतात, पण सातव्या महिन्यात येणाऱ्या बाईसाठी ते बाळाच्या सोयीनं निवडा. ३४ आठवड्यांच्या आधी कळा सुरू झाल्या तर नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालयच हवं. गल्लीतल्या नर्सिंग होमची काच लावलेली खोली म्हणजे तसा विभाग नव्हे. तिथे बाळासाठी व्हेंटिलेटर किंवा सीपॅप (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) आहे का आणि बालरोगतज्ज्ञ रात्री तिथे असतात का, हे विचारा. आणि हलवायचं तर बाळ पोटात असताना आईला हलवा. जन्मलेलं १२०० ग्रॅमचं बाळ थंडीत रुग्णवाहिकेतून नेणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. पाठवण्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या डेक्सामेथासोनचा पहिला डोस मिळाला का, हे विचारा. ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२-१२ तासांनी असतात आणि पहिला जवळच्या ठिकाणीही देता येतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिद्रव्यं बनू नयेत म्हणूनचं) माहेरी येण्याच्या गडबडीत हमखास राहून जातं. त्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर शोधा. आल्या आठवड्यातच उल्हासनगरला किंवा जिथे जायचं ठरेल तिथे एकदा दाखवून नाव नोंदवा. नोंद नसलेली बाई रात्री आली की सगळ्या रक्ततपासण्या तिथून सुरू होतात. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधं आणि घरी सोडण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असते, गाडीसाठी १०२. बाळ सायनला दाखल झालंच आणि आईला दूध कमी असेल तर तिथली मातृदूध पेढी कामाला येते. १९८९ मध्ये सुरू झालेली ही पेढी आशियातली पहिली.

दुसरा गट, जिथे पहिला थांबाच नेमका हवा.

पक्षाघात. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलेलं. इथे सीटी स्कॅन नसलेल्या हॉस्पिटलात घालवलेलं प्रत्येक मिनिट फुकट जातं, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे साडेचार तास 'आम्हाला कळलं तेव्हापासून' मोजत नाहीत. रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी सहाला उठताना लक्षात आलं आणि रात्री अकराला झोपताना ठीक होते, तर घड्याळ अकरापासून सुरू. ही वेळ कागदावर लिहून न्या, कारण कॅज्युअल्टीत चार नातेवाईक चार वेळा सांगतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात. ते साधारण सहा तासांत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतं, पण मोजक्याच ठिकाणी. म्हणून प्रश्न हा: 'सीटी आत्ता होईल का, न्यूरॉलॉजिस्ट आणि स्ट्रोकचं इंजेक्शन आहे का?' निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. मधुमेह्याची साखर घसरली तरी चित्र अगदी पक्षाघाताचं दिसतं. आणि वर हृदयासाठी सांगितलेलं ॲस्पिरिन इथे स्कॅन होईपर्यंत द्यायचं नाही. पाणीही पाजू नका.

गाठीचं तर याहून जास्त बिघडतं, तेही हळूहळू. स्तनात, मानेत, मांडीत गाठ आली की जवळचे सर्जन 'अर्ध्या तासाचं काम आहे, काढून टाकू' म्हणतात. गाठ कर्करोगाची निघाली तर ती अशी काढून टाकणं ही पहिली मोठी चूक ठरते. आजूबाजूच्या थरांत पेशी पसरलेल्या असू शकतात, कडा किती मोकळ्या होत्या हे कळत नाही, आणि पुढच्या सर्जनला पूर्वीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं. आधी सुईनं तुकडा, मग निर्णय. तो तुकडाही फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या साधारण दहापट द्रावणात ठेवायचा. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो, आणि मग स्तनाच्या कर्करोगात कोणतं औषध चालेल हे सांगणाऱ्या चाचण्या चुकीची उत्तरं देतात.

टाटा मेमोरियलला जाताना लोक रिपोर्टांची जाडजूड फाइल नेतात आणि नेमकं हवं ते घरी राहतं. लॅबकडून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा बघतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा बायोप्सी, म्हणजे दोन-तीन आठवडे. स्कॅनची फिल्म नको, सीडी हवी. नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट असा प्रकार विचारतात. डॉक्टर तेच असतात, दर आणि सोयी वेगळ्या. पुढचे सहा महिने जो खर्च झेपेल, तोच निवडा. पहिल्या दिवशीची दगदग टाळायला म्हणून प्रायव्हेट घेऊ नका. खारघरचं ॲक्ट्रेक टाटाचंच आहे आणि तुमच्या बाजूनं ते सोयीचं. परळला गेलातच तर केईएम, टाटा आणि वाडिया बालरुग्णालय चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. टॅक्सीवाल्यानं 'बैलघोड्या'ला सोडलं तर घाबरू नका, ते जनावरांचं हॉस्पिटल, पण त्याच रस्त्यावर.

भाजण्याचे रुग्णही याच गटातले. खूप भाजलेल्या माणसाला साध्या अतिदक्षता विभागात जंतुसंसर्ग गाठतो. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, भायखळ्याचं मसीना, सातरस्त्याचं कस्तुरबा ही त्यासाठीची नावं. तुटलेलं बोट सापडलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवलेलं बोट जोडणं अवघड होतं.

रस्ते अपघातात पोलीस येईपर्यंत कोणतंही हॉस्पिटल उपचार थांबवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात ते सांगितलं आहे. मदत करणाऱ्यावर नाव-गाव देण्याची सक्ती नाही, तेही मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून आहे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, पण त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे झालेली लागते. डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन असलेलं ठिकाण गाठा. पूर्व द्रुतगती मार्गावरून सायन, पश्चिमेकडून जोगेश्वरीचं ट्रॉमा किंवा कूपर.

कुत्रा चावला तर कुठे जायचं हा प्रश्नच नाही: आधी नळाखाली साबणानं १५ मिनिटं, मग कोणतंही सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय, लस मोफत. दंडातले डोस ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. त्वचेत देत असतील तर १४ वा गळतो. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यं) लागतं आणि लहान ठिकाणी नेमकं तेच नसतं, तेव्हा लस घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. क्षयाचं निदान आणि औषधं घराजवळच्या सरकारी केंद्रात मोफत आहेत, पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. खासगीत पैसे घालवू नका. मनाचा आजार असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास मराठीतून चालतो, आणि भरती करायची वेळ आली तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे.

रुग्णवाहिका. १०८ मोफत आहे, पण दोन प्रकारच्या गाड्या असतात. व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असलेल्या गाड्या कमी, साध्या जास्त. हृदयाचा किंवा बेशुद्ध रुग्ण असेल तर फोनवरच 'ॲडव्हान्स्ड गाडी हवी' म्हणा. रस्त्यावरून उचललेला रुग्ण ते बहुधा जवळच्या सरकारी रुग्णालयात नेतात. एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात न्यायचं असेल तर पुढच्या ठिकाणी खाट पक्की झाल्याचं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. खासगी गाडी घेतली तर सिलिंडरचा काटा स्वतः बघा. नेहमीच्या मध्यम सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर चालू असेल तर अडीच तास, १५ लिटर असेल तर शंभर मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर १५ लिटरला पन्नासच मिनिटं. कल्याणच्या पत्री पुलाजवळ अडकलेल्या गाडीला पन्नास मिनिटं फार नसतात.

पैशाची गोष्ट आता, कारण ती आधी सांगितली की बाकीचं कुणी वाचत नाही.

वडील सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता वर्षाला ५ लाखांचं कवच आहे आणि आधार पुरतं. आजारी पडल्यावर काढायला गेलात तर बोटांचे ठसे जुळत नाहीत, मोबाइल जुन्या नंबरला जोडलेला असतो, आणि दोन दिवस जातात. बाकीच्या कुटुंबासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२४ पासून तीही कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरही.

या योजना बुडतात त्या ठरावीक कारणांनी. हॉस्पिटल योजनेत असतं, पण त्या विभागासाठी नसतं: हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही. म्हणून आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला) विचारताना आजाराचं नाव घेऊन विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. शिधापत्रिकेवर 'दत्तू' आणि आधारवर 'दत्तात्रय' असेल तर मंजुरी अडकते. सगळ्यात वाईट म्हणजे रात्री घाबरून 'कॅश'मध्ये भरती करतात, ऑपरेशन होतं, आणि चौथ्या दिवशी योजनेत बदलून द्या म्हणतात. योजना मंजुरी घेऊन चालते. भरलेले पैसे परत देणारी ती योजना नव्हे. भरतीच्या क्षणीच 'योजनेतून' असं सांगा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरीची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. मंजूर झाल्यावर तपासण्या, औषधं, जेवण आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांचा पाठपुरावा त्याच पॅकेजमध्ये असतो. वर काही मागितलं तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन करा.

मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांत, म्हणजे मुंबईतल्या पुष्कळशा नामांकित पंचतारांकित दिसणाऱ्या हॉस्पिटलांतही, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. बिलिंगच्या खिडकीवर हे विचारू नका, तिथे 'खाट नाही' एवढंच ऐकू येईल. वैद्यकीय समाजसेवा विभागात जा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ऑपरेशननंतर दिलेल्या अर्जाला फारसं वजन राहत नाही. लेखी नकार मागितला की बऱ्याचदा खाट निघते; नाहीच निघाली तर वरळीचं धर्मादाय आयुक्त कार्यालय.

ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे, त्यांच्या वेतनचिठ्ठीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसते का बघा. आई-वडीलही त्यात येऊ शकतात आणि उल्हासनगर, ठाणे, मुलुंड, मरोळ इथे त्याची रुग्णालयं आहेत. मेडिक्लेम असेल तर खोलीचं भाडं पॉलिसीतल्या मर्यादेतच घ्या. चार हजारांची मर्यादा असताना आठ हजारांची खोली घेतली तर फक्त फरक नाही, डॉक्टरांची आणि ऑपरेशनची फीही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते.

रक्त. ई-रक्तकोश संकेतस्थळावर कोणत्या पेढीत काय आहे ते दिसतं. लाल पेशींच्या पिशवीला प्रक्रिया शुल्क सरकारी पेढीत १,१०० आणि खासगीत १,५५० रुपये. 'बदली रक्तदाता आणा नाहीतर पिशवी नाही' ही सक्ती धोरणाविरुद्ध आहे. रक्त कुणाशीच जुळत नसेल आणि गट 'ओ' लिहिला असेल, तर बॉम्बे ब्लड ग्रुपची, म्हणजे साध्या तपासणीत 'ओ' दिसणाऱ्या दुर्मीळ गटाची, तपासणी करा म्हणून सुचवा. तो गट १९५२ मध्ये याच शहरात सापडला.

शेवटी हलवण्याचा कागद. पहिल्या हॉस्पिटलात उपचार पुढे होणार नसतील तर तिथले लोक घाईत 'इथे सही करा' म्हणून एक फॉर्म पुढे करतात. त्यावर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात असल्याचं लिहिलेलं असतं, बोलीभाषेत 'डामा'. डॉक्टरच पुढे पाठवत असतील तर तुम्ही सल्ल्याविरुद्ध जात नाही. पुढे विमा कंपनी किंवा योजना त्या एका ओळीवरून अडवते. तेव्हा रेफरल चिठ्ठी मागा आणि तिच्यात पाच गोष्टी आहेत का बघा: त्रास सुरू झाल्याची वेळ, शेवटचा रक्तदाब-नाडी-ऑक्सिजन, दिलेली औषधं मात्रा आणि वेळेसह, पाठवण्याचं कारण, आणि पुढच्या हॉस्पिटलात कुणाशी बोलणं झालं त्या डॉक्टरांचं नाव. ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, कारण कागद रुग्णवाहिकेच्या सीटवर राहतो. पूर्ण केसपेपरच्या प्रती नंतर लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवणं महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार चालत नाही.